घरी काढलेला गुलाबाचा आणि वाळ्याचा अर्क: टोनर-स्प्रेमध्ये प्रमाण किती, टिकवायचा कसा?

रानजाई

नमस्कार. देशी गुलाब आणि वाळा यांचे अर्क (हायड्रोसोल) घरी काढते आहे. पद्धत नेहमीचीच: स्टीलचं मोठं पातेलं, मधे तिवईवर वाटी, वर उलटं झाकण आणि त्यावर बर्फ. ३०० ग्रॅम पाकळ्यांना २ लिटर पाणी घालते आणि साधारण पाऊण लिटर अर्क जमतो. पण वास फिका येतो आणि त्यात उकडलेल्या पालेभाजीसारखी छटा असते. वाळ्याला तर तासाभरानंतरही जेमतेम वास येतो.

दुसरी अडचण टिकण्याची. अर्कात व्हिटॅमिन ई आणि टी-ट्री तेलाचे थेंब घालून बाटली फ्रिजमध्ये ठेवली, तरी काही आठवड्यांत तळाशी पांढरे धागे दिसू लागले.

विचारायचं ते असं. फुलं आणि पाणी यांचं नेमकं प्रमाण काय ठेवावं? प्रिझर्वेटिव्ह कोणतं, किती आणि कधी घालायचं? चेहऱ्याच्या टोनरची ग्रॅममध्ये कृती मिळेल का? कडुलिंब, कोरफड यांचा अर्क काढण्यात अर्थ आहे का? उशी-चादरीवर मारायचा स्प्रे, मुलांसाठी डासांचा स्प्रे आणि कूलरच्या पाण्यात घालायला हा अर्क चालेल का? शिवाय आमच्याकडे उन्हाळ्यात गुलाबजल डोळ्यांत घालायची सवय आहे. घरचा अर्क त्यासाठी वापरता येईल का?

निर्गुडी

रानजाई, शेवटचं आधी सांगते, कारण ते सगळ्यांत महत्त्वाचं आहे. घरचा अर्क डोळ्यांत घालू नका. फ्रिजमधला नको, आज काढलेला नको, प्रिझर्वेटिव्ह घातलेला तर अजिबातच नको. डोळ्यांत घालायचं द्रव्य निर्जंतुक असावं लागतं आणि घरच्या पातेल्यात ते तसं होत नाही. पाण्यात वाढणारे स्युडोमोनास जातीचे जिवाणू बुबुळाला झपाट्याने जखम करतात. लेन्स वापरणाऱ्यांना धोका आणखी जास्त. बंद पापण्यांवर गार पट्टी ठेवायची असेल तर ती साध्या पाण्याचीही तितकीच आराम देते.

आता अर्क. वास फिका का, ते तुमच्या आकड्यांतच दिसतं. ३०० ग्रॅम पाकळ्यांतून पाऊण लिटर म्हणजे फुलांच्या वजनाच्या अडीचपट अर्क झाला. गुलाबाचा चांगला अर्क फुलांच्या वजनाइतकाच घ्यायचा. ३०० ग्रॅमना अडीचशे ते तीनशे मिलीलिटर झाले की गॅस बंद. पहिल्या भागात सुगंध सर्वाधिक असतो आणि पुढेपुढे नुसती वाफ येते. म्हणून दर शंभर मिलीलिटर वेगळ्या वाटीत घ्या आणि वास घेऊन पाहा. ज्या वाटीत गुलाब जाऊन ओल्या गवताचा वास लागतो तिथे थांबा, आणि त्याच्या आधीच्या वाट्या तेवढ्या एकत्र करा.

पाणी २ लिटर लागत नाही. ३०० ग्रॅम पाकळ्यांना १ लिटर पुरतं. शेवटी निम्म्याहून जास्त पाणी भांड्यात उरलंच पाहिजे, कारण तळ कोरडा पडला की पाकळ्या करपतात आणि तो करपट वास नंतर कशानेही जात नाही. पाणी नळाचं चालतं, क्षार भांड्यातच राहतात. क्लोरीनचा वास मात्र वाफेबरोबर वर येतो, त्यामुळे फिल्टरचं किंवा रात्रभर उघडं ठेवलेलं पाणी बरं.

भाजीच्या वासाला तीन कारणं असतात. पहिलं, आच मोठी. खळखळ उकळी आली की पाकळ्यांचा काढा उडून वाटीत पडतो. अर्क पाण्यासारखा नितळच हवा. किंचित गुलाबी किंवा पिवळसर दिसला तर त्यात काढा मिसळला आहे असं समजा, आणि काढ्यातली साखर-प्रथिनं आली की तो सडतोही लवकर. वाटीचा तळ पाण्याच्या पातळीपेक्षा चार बोटं वर ठेवा आणि आच इतकी मंद ठेवा की पाणी नुसतं थरथरेल. दुसरं, पाकळ्यांबरोबर आलेले हिरवे देठ आणि खालची हिरवी पुष्पकोशाची पानं. ती काढूनच टाका. तिसरं, स्टीलचं भांडं. कन्नौजच्या अत्तरवाल्यांच्या देग-भपक्यात देग, म्हणजे उकळायचं भांडं, तांब्याची असते. तांबं गंधकाची संयुगं धरून ठेवतं, ती छटा अर्कात कमी उतरते. घरी तांब्याचा खटाटोप नको वाटला तर प्रिझर्वेटिव्ह घातलेला अर्क घट्ट बंद करून आठवडाभर फ्रिजमध्ये मुरू द्या, तो हिरवट वास बराच बसतो.

झाकणाकडेही लक्ष द्या. उलटं ठेवल्यावर त्याची मूठ बरोबर वाटीवर यायला हवी, नाहीतर थेंब कडेने ओघळून परत पाण्यात जातात. कडेला कणकेची वळी लावून फटी बंद करा. बर्फाचा अंदाज बहुतेकांचा चुकतो. वाफेचं पाणी होताना प्रचंड उष्णता बाहेर पडते, त्यामुळे अर्धा लिटर अर्काला साधारण अडीच किलो बर्फ लागतो. फ्रिजमधल्या एका ट्रेवर हे होत नाही. झाकणावरचं पाणी हाताला कोमट लागलं की पळीने काढून गार पाणी किंवा नवा बर्फ घाला. तसं केलं नाही तर वाफ कडेने निसटते आणि सगळ्यांत हलका, सगळ्यांत सुंदर वास तिच्याबरोबर जातो.

काही जण कुकरच्या शिट्टीच्या नळीला पाइप जोडून वाफ बादलीतल्या गार पाण्यातून नेतात. अर्क जास्त मिळतो, पण पाकळी किंवा पान नळीत अडकलं तर कुकर फुटू शकतो. करायचंच असेल तर स्टीलचा कुकर अर्ध्याच्या वर भरू नका, फुलं मलमलीच्या पुरचुंडीत बांधा, सेफ्टी व्हॉल्व्ह चालू आहे याची खात्री करा आणि पाइपचं दुसरं टोक कधीही बंद करू नका किंवा पाण्यात बुडवू नका. पाइप खाद्यपदार्थांसाठीचा सिलिकॉनचा किंवा स्टीलचा. बागेतला पीव्हीसीचा नको, गरम वाफेत त्यातली प्लास्टिक मऊ करणारी रसायनं अर्कात उतरतात.

वाळ्याचं गणित वेगळं आहे. गुलाबाच्या वासातलं मुख्य द्रव्य, फिनाइल इथाइल अल्कोहोल, पाण्यात चांगलं विरघळतं, म्हणून गुलाबजल इतकं सुगंधी होतं. वाळ्याच्या तेलातले रेणू जड असतात, ते वाफेबरोबर फार हळू वर येतात. तेल काढणारे कारखानदारही वाळा अठरा-वीस तास चालवतात. घरी असं करा: काष्ठौषधींच्या दुकानातून मुळं आणा, माती पूर्ण जाईपर्यंत धुवा, बोटाच्या पेराएवढे तुकडे करा आणि रात्रभर भिजवा. २०० ग्रॅम मुळांना दीड लिटर पाणी, भिजवलेलं पाणी त्यातच. मंद आचेवर किमान चार तास. पाणी कमी झालं तर उकळतं पाणीच घाला, गार घातलं तर वाफ थांबते. पहिल्या दोन तासांचा अर्क परत त्याच पातेल्यात ओतून पुन्हा चालवला तर शेवटचा अर्क चांगला दाट वासाचा मिळतो. ३०० मिलीलिटरपेक्षा जास्त अपेक्षा ठेवू नका.

कडुलिंब आणि कोरफड यांचं उत्तर स्पष्ट आहे: अर्क काढू नका. वाफेबरोबर फक्त उडून जाणारी द्रव्यं वर येतात. कडुलिंबाचा कडूपणा आणि त्याचे गुण ज्या द्रव्यांत आहेत ती उडत नाहीत, ती भांड्यातल्या काढ्यातच राहतात. कोरफडीचा गर साखरेच्या लांब साखळ्यांचा असतो, तोही वर येत नाही. हळदीचा रंग देणारा कर्क्युमिनही नाही, फक्त हळदीचा वास येतो. काकडीचंही तेच. गॅस जाळून साधं डिस्टिल्ड पाणी हाती येतं. कोरफड हवी असेल तर ती कृतीत वेगळी घालतात.

उलट गवती चहा, तुळस, केवडा, पुदिना यांचे अर्क पहिल्याच अर्ध्या तासात दणकून येतात. केवडा फार तीव्र, दहा टक्के पुरे. मोगऱ्याची मात्र आशा धरू नका, घरच्या आचेवर त्याचा नाजूक वास टिकत नाही. संत्र्याच्या सालीतलं लिमोनीन पाण्यात जवळपास विरघळतच नाही, ते तेल होऊन वर तरंगतं आणि खालचा अर्क मिळमिळीत लागतो.

फुलांबद्दल एक: फुलवाल्याकडचे लांब दांड्याचे गुलाब वापरू नका. मावळातल्या पॉलिहाउसमध्ये ते दिसण्यासाठी आणि टिकण्यासाठी वाढवतात, त्यांना वास नसतो आणि फवारण्या भरपूर असतात. गावठी गुलाब किंवा चैती गुलाबच घ्या. ऊन चढायच्या आत तोडा आणि त्याच दिवशी भांड्यात घाला.

प्रयोगवही

निर्गुडी यांनी अर्क काढण्याचं सगळं सांगितलंच आहे. मी टिकवण्याबद्दल आणि टोनरबद्दल लिहितो.

व्हिटॅमिन ई प्रिझर्वेटिव्ह नाही. ते तेलाला खवट होण्यापासून वाचवतं, जिवाणू-बुरशीवर त्याचा काही परिणाम नाही. शिवाय अर्कात तेल नसल्यामुळे ते नुसतं वर तरंगतं. टी-ट्री तेलही तसंच तरंगतं. पाण्याच्या पोटात बुरशी वाढत राहते आणि बाटली संपत आली की न विरघळलेल्या तेलाचा जाड थेंब थेट गालावर येतो. भाजल्यासारखे लाल डाग पडतात ते यामुळे. द्राक्षाच्या बियांचा अर्क, लवंग, मीठ, तुरटी यांपैकी कशावरही विसंबू नका.

धागे दिसले ती बाटली टाकून द्या. गाळून किंवा उकळून परत वापरायची नाही. आणि धागे न दिसणं म्हणजे अर्क चांगला असंही नाही. एका मिलीलिटरमध्ये लाखो जिवाणू असले तरी पाणी नितळच दिसतं. गढूळपणा, बुळबुळीतपणा आणि आंबूस वास ही फार उशिराची लक्षणं आहेत.

प्रिझर्वेटिव्ह अर्क गार होताच, त्याच दिवशी घालायचं. तीन पर्याय सहज मिळतात.

सोडियम बेंझोएट ०.५ टक्का आणि पोटॅशियम सॉर्बेट ०.२ टक्का. स्वस्त, वास नाही. पण हे दोन्ही आम्लात काम करतात. पीएच (आम्लता दाखवणारा आकडा, जितका कमी तितकं आम्ल जास्त) ४.५ असताना सॉर्बेटचा जवळपास दोन-तृतीयांश आणि बेंझोएटचा एक-तृतीयांश भाग कामाच्या रूपात असतो. पीएच ६ झाला की सॉर्बेटचा पाच टक्के आणि बेंझोएटचा दीड-दोन टक्केच उरतो, म्हणजे घातलं काय आणि न घातलं काय. गंमत अशी की गुलाबाचा अर्क मुळात आम्लधर्मी असला तरी हे क्षार घातल्यावर पीएच वर सरकतो. म्हणून पीएच नेहमी सगळं घालून झाल्यावर मोजायचा. या जोडीबरोबर व्हिटॅमिन सी घालू नका, बेंझोएट आणि ॲस्कॉर्बिक ॲसिड एकत्र आले की बेंझीन तयार होऊ शकतं.

दुसरा: बेंझिल अल्कोहोल आणि डीहायड्रोॲसिटिक ॲसिड यांचं तयार मिश्रण, ०.८ ते १ टक्का. पीएच ६ च्या खाली चालतं. कडू बदामासारखा हलका वास येतो, गुलाबात तो जाणवतो, वाळ्यात लपतो.

तिसरा: फिनॉक्सिइथेनॉल आणि इथाइलहेक्सिलग्लिसरिन यांचं मिश्रण, ०.८ ते १ टक्का. पीएच ५ ते ७ मध्ये काम करायचं असेल तर हेच घ्या. जिवाणूंवर उत्तम, बुरशीवर थोडं कमजोर. फिनॉक्सिइथेनॉल एकूण १ टक्क्याच्या वर जाऊ देऊ नका.

तिन्हींबरोबर डायसोडियम ईडीटीए ०.१ टक्का घाला. स्युडोमोनाससारख्या जिवाणूंचं बाहेरचं आवरण त्याने कमकुवत होतं आणि प्रिझर्वेटिव्ह आत पोहोचतं. पाणीदार स्प्रेमध्ये हा दशांश टक्का फार मोलाचा आहे.

आता टोनर, १०० ग्रॅमसाठी. सगळं वजनाने. चमच्याने ०.२ ग्रॅम मोजता येत नाही, ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा वजनकाटा घ्यावाच लागेल.

गुलाबाचा अर्क ९२.२ ग्रॅम
ग्लिसरीन ३ ग्रॅम
डी-पँथेनॉल (त्वचेत ओलावा धरणारं) १ ग्रॅम
सोडियम बेंझोएट ०.५ ग्रॅम
पोटॅशियम सॉर्बेट ०.२ ग्रॅम
डायसोडियम ईडीटीए ०.१ ग्रॅम
सायट्रिक ॲसिडचं १० टक्के द्रावण अंदाजे ३ ग्रॅम

आधी ईडीटीए अर्कात पूर्ण विरघळू द्या, याला वेळ लागतो. मग बेंझोएट, मग सॉर्बेट, मग ग्लिसरीन आणि पँथेनॉल. शेवटी सायट्रिकचं द्रावण थेंबाथेंबाने, सतत ढवळत. २ ग्रॅम झालं की पीएच बघा आणि ४.५ वर थांबा. अर्काला आम्ल पेलायची ताकद फार कमी असते, चार थेंब जास्त पडले की पीएच घसरतो. आम्ल आधी घालून नंतर क्षार घातले, किंवा आम्ल एकदम ओतलं, तर बेंझोइक आणि सॉर्बिक ॲसिड पांढऱ्या कणांच्या रूपात बाहेर पडतात. पीएचच्या पट्ट्या १ ते १४ वाल्या नकोत, त्यांवर ४.५ आणि ५.५ मधला फरक डोळ्यांना कळत नाही. ४ ते ७ च्या अरुंद टप्प्याच्या घ्या. मीटर असेल तर ४ आणि ७ च्या बफरने (ठरावीक पीएचच्या तयार द्रावणाने) आधी जुळवा आणि आकडा स्थिर व्हायला एक-दोन मिनिटं द्या.

ग्लिसरीन कोकणात, मुंबईत ३ टक्के पुरे, नाहीतर दमट हवेत चेहरा चिकचिकतो. विदर्भ-मराठवाड्याच्या कोरड्या हवेत ५ टक्क्यांपर्यंत जा, पण टोनरवर क्रीम लावा.

बाटल्या आधी धुऊन, काचेच्या असतील तर दहा मिनिटं उकळून, उलट्या वाळवा. स्प्रेचा पंप उकळता येत नाही. त्यातून ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आठ-दहा वेळा फवारा आणि पूर्ण वाळू द्या. घाण राहते ती पंपाच्या नळीतच. बाटली गडद रंगाची, ५० किंवा १०० मिलीलिटरची. प्रिझर्वेटिव्ह नसलेला अर्क फ्रिजमध्ये आठवडाभर, तोही फक्त फेसपॅक भिजवायला. वरचा टोनर दोन-तीन महिने. तारीख बाटलीवर लिहा.

मुलतानी माती आणि गुलाबजल कालवून डबीत भरून ठेवण्याची पद्धत आहे, ती सोडा. माती प्रिझर्वेटिव्ह शोषून घेते आणि ओल्या लगद्यात बुरशी आतून वाढते. कोरडी पूड वेगळी ठेवा आणि लागेल तेवढीच कालवा.

रानजाई

दोघांचे मनापासून आभार. दोन शंका. टोनरमध्ये नायसिनमाइड (व्हिटॅमिन बी३चा प्रकार) घालायचं असेल तर ४.५ पीएच चालतो का? आणि बेंझोएट-सॉर्बेट घातलेली बाटली फ्रिजमध्ये ठेवल्यावर सुयांसारखं पांढरं काही दिसलं, तर ते बुरशी की क्षार हे कसं ओळखायचं?

प्रयोगवही

नायसिनमाइडला ४.५ कमी पडतो. जास्त आम्लात ते हळूहळू निकोटिनिक ॲसिडमध्ये बदलतं आणि चेहरा लाल होऊन चुणचुणतो. पीएच ५.५ ते ६.५ ठेवा आणि प्रिझर्वेटिव्ह तिसऱ्या पर्यायातलं घ्या. १०० ग्रॅमचा हिशेब: अर्क ९१.९, ग्लिसरीन ३, नायसिनमाइड ४, फिनॉक्सिइथेनॉलचं मिश्रण १, ईडीटीए ०.१. हे प्रिझर्वेटिव्ह गार अर्कात पटकन मिसळत नाही, तळाशी तेलकट थेंब होऊन बसतं. ग्लिसरीनमध्ये आधी एकजीव करून मग अर्कात ओता आणि पाच मिनिटं ढवळा. संवेदनशील त्वचेला नायसिनमाइड २ टक्क्यांवरच ठेवा आणि तेवढा अर्क वाढवा.

सुयांबद्दल: बाटली कोमट पाण्यात दहा मिनिटं धरा. स्फटिक विरघळून जातात, बुरशी जात नाही. स्फटिक टोकदार आणि चमकणारे असतात, बुरशी कापसाच्या तंतूसारखी हलवल्यावर लहरते. स्फटिक असतील तर पीएच खाली गेला आहे किंवा सॉर्बेट जास्त पडलं आहे. ही बाटली खोलीच्या तापमानाला ठेवा. पुढच्या वेळी वजन पुन्हा तपासा.

अबोली

स्प्रेचं राहिलं आहे, ते मी घेते.

चादर-उशीसाठी वाळ्याचा अर्क फार सुंदर लागतो, पण एकट्या अर्काचा वास कापडावर तासभरही टिकत नाही. टिकायला थोडं तेल लागतं आणि तेलाला पाण्यात बसवायला पॉलिसॉर्बेट २०. १०० ग्रॅममध्ये वाळ्याचा अर्क ९७.२, पॉलिसॉर्बेट २० दीड ग्रॅम, वाळ्याचं किंवा लॅव्हेंडरचं तेल ०.३ ग्रॅम, प्रिझर्वेटिव्ह १ ग्रॅम. तेल आणि पॉलिसॉर्बेट कोरड्या वाटीत आधी एकजीव करा, मग त्यात अर्क थोडाथोडा ओता. उलट केलं, म्हणजे अर्कात तेल टाकून वरून पॉलिसॉर्बेट घातलं, तर कितीही हलवा, तेलाचा तवंग राहतोच. द्रावण दुधाळ झालं तर पॉलिसॉर्बेट कमी पडलं आहे, अर्धा ग्रॅम वाढवा आणि तेवढा अर्क कमी करा. वाळ्याचं तेल पिवळट-तपकिरी असतं, पांढऱ्या चादरीवर हातभर अंतरावरूनच मारा. घरात मांजर असेल तर तेल घातलेला स्प्रे नको. मांजरांच्या यकृताला ही द्रव्यं नीट पचवता येत नाहीत आणि ती अंग चाटतात. दम्याच्या माणसाच्या खोलीतही नको.

कूलरच्या पाण्यात अर्क घालू नका. टाकीतलं पाणी कोमट, उघडं आणि दिवसेंदिवस तेच असतं. त्यात सेंद्रिय द्रव्य घातलं की जिवाणूंना खाद्य मिळतं आणि पंखा ते सगळ्या खोलीत उडवतो. कूलरला वाळ्याच्या ताट्या लावतात तो मार्ग ठीक, पण त्याही दर मोसमात बदला आणि टाकी आठवड्याला पूर्ण उपसून, घासून, वाळवून भरा. आठवडा यासाठी की डेंग्यूच्या डासाची अंडी ते पूर्ण वाढलेला डास हा प्रवास साधारण तेवढ्यात होतो. अल्ट्रासोनिक ह्युमिडिफायरमध्येही अर्क नको.

डासांसाठी मुलांवर गवती चहाचा अर्क मारून खेळायला पाठवू नका. त्यातली वासाची द्रव्यं, सिट्रल आणि सिट्रोनेलल, फार लवकर उडून जातात, अर्कात ते मुळातच थोडे असतात, आणि वास येतोय म्हणून संरक्षण आहे असं वाटत राहतं. डेंग्यू-मलेरियाच्या दिवसांत डीट किंवा पिकारिडिन ही डास दूर ठेवणारी द्रव्यं असलेलं क्रीमच लावा, वयानुसार डब्यावरची सूचना वाचून. दोन महिन्यांखालच्या बाळाला डीट नको, त्याला मच्छरदाणीच. लेमन युकॅलिप्टसपासून मिळणारं पीएमडी चालतं, पण तीन वर्षांखालच्या मुलांना नाही. गवती चहाचा अर्क त्वचेला चुरचुरतो म्हणूनही तो अर्ध्यावर पातळ करून पायांच्या स्प्रेत वापरावा, चेहऱ्यावर नाही. तुळशीचंही तेच, तिच्यातला युजेनॉल रोज चेहऱ्यावर मारण्यासारखा नाही.

योगाची चटई किंवा ओटा पुसायला अर्क वापरला तर वास येईल, जंतू मरणार नाहीत. चटई आधी साबणाच्या पाण्याने पुसून वाळवा आणि मग हवा तर अर्क फवारा.

कोणताही नवा स्प्रे कोपराच्या आतल्या बाजूला लावून दोन दिवस वाट पाहा. पहिल्या तासात काही झालं नाही म्हणून सुटलो असं समजू नका, ॲलर्जीचा लाल पट्टा बऱ्याचदा दुसऱ्या दिवशी उठतो.

शेवंती

छान चर्चा. विकतचं गुलाबजल घेतलं तर खरा अर्क कसा ओळखायचा? आणि हे टोनर ओळखीच्यांना विकायचे असतील तर काही परवाना लागतो का?

निर्गुडी

घटकांची यादी वाचा. खऱ्या अर्कावर रोझा डॅमासिना फ्लॉवर वॉटर किंवा डिस्टिलेट असं पहिल्या क्रमांकावर असतं. ॲक्वा पहिलं आणि पुढे परफ्यूम किंवा फ्रेग्रन्स असेल तर ते सुगंध मिसळलेलं पाणी आहे. गुलाबी रंग असेल तर तो नक्की वरून घातलेला, कारण गुलाबाचा रंग वाफेबरोबर येत नाही. बाटली जोरात हलवून फेस बराच वेळ टिकला तर तेल बसवण्यासाठी पॉलिसॉर्बेटसारखं काही घातलं असण्याची शक्यता मोठी. प्रिझर्वेटिव्हचं नाव दिसलं म्हणून बाटली परत ठेवू नका. महिनोन्‌महिने दुकानाच्या फळीवर राहणाऱ्या पाण्यात ते असायलाच हवं, उलट ते नाही असा दावा असेल तर जास्त काळजी करा. मिठाईत घालायचं गुलाबजल चेहऱ्यासाठी घेऊ नका, त्यात कृत्रिम स्वाद असू शकतो.

विकायचं असेल तर कॉस्मेटिक्स रूल्स २०२० प्रमाणे उत्पादनाचा परवाना लागतो. घरगुती आहे, ओळखीत आहे, थोडंच आहे, यांपैकी कशानेही सूट मिळत नाही. महाराष्ट्रात तो अन्न व औषध प्रशासनाकडून घ्यावा लागतो, आणि लेबलवर घटक, बॅच नंबर, बनवल्याची आणि वापरायच्या मुदतीची तारीख द्यावी लागते. त्याआधी प्रयोगशाळेतून जंतुसंख्येची तपासणी करून घ्या: एकूण जिवाणू, बुरशी आणि यीस्ट, आणि स्युडोमोनास एरुजिनोसा व स्टॅफिलोकॉकस ऑरियस नाहीत याची खात्री. ताज्या बाटलीची एकदा आणि तीच बाटली दोन महिने वापरल्यावर पुन्हा एकदा. बहुतेक कृती पहिल्या तपासणीत पास होतात. प्रिझर्वेटिव्ह खरंच पुरलं का, ते दुसऱ्या तपासणीत कळतं.